विजेचा षड्ज

आमच्या घरामागे विजेची डीपी होती. रात्री गल्ली सामसूम झाली की ती घुमायची. दिवसा तिचं अस्तित्व कुणाला जाणवायचं नाही, आणि रात्री जाणवलं तरी तक्रार कुणाची नव्हती. मात्र लाइट गेली की तो आवाजही जायचा आणि घर एकदम उघडं पडल्यासारखं वाटायचं. लाइट आल्याची वर्दी मला ट्यूब लुकलुकण्याआधी डीपीच द्यायची.

हाच आवाज पुढे गणपतीच्या मांडवात भेटला. माइकवाला अ‍ॅम्प्लिफायर लावायचा आणि आरतीच्या आधी भोंगाच आळवायला लागायचा. "अर्थिंग नाही," असं म्हणत तो सळईभोवती मिठाचं पाणी ओतायचा. आवाज उतरायचा. ही जादू कशी होते ते कळायला मला पुण्यातल्या एका स्टुडिओत शिकाऊ म्हणून उभं राहावं लागलं.

तिथे मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी मिक्सरसमोर बसवतील. सरांनी हातात केबल आणि सोल्डरची कावी दिली. संध्याकाळी, वादक गेल्यावर, ते रिकाम्या खोलीतले माइक चालू ठेवून गेन वर न्यायचे आणि विचारायचे, "काय ऐकू येतंय?" काहीच नाही, असं उत्तर चालत नसे. एसीचा वारा, भिंतीवरचं घड्याळ, आणि सगळ्यांच्या तळाशी तो माझा ओळखीचा हम. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. तोच पन्नास हर्ट्झचा स्वर आणि त्याच्या पटीतले शंभर, दीडशे तारांमधून आत शिरतात. गुळगुळीत घुमतो तो बहुधा अर्थिंगच्या घोटाळ्याचा, खरखरतो तो डिमरचा किंवा चोकचा, हे हळूहळू कानाला उमगत गेलं.

सोल्डर करता करता माइकच्या केबलमधली युक्तीही कळली. आत दोन तारा असतात. एकीतून आवाज सुलटा जातो, दुसरीतून तोच उलटा. वाटेत शिरणारा हम मात्र दोन्हींत सारखाच शिरतो. पलीकडच्या टोकाला दुसरी तार पुन्हा सुलटी करून पहिलीत मिळवली की गाणं दुप्पट होतं आणि हम स्वतःलाच खाऊन टाकतो. इतकं चोख गणित मला शाळेत कुणी दाखवलं नव्हतं.

एकदा एका गायिकेचं रेकॉर्डिंग होतं. तिची पट्टी पांढरी पाच. तंबोरा सुरेख लागला होता, तरी ती थांबली. "खर्जाची तार डोलतेय," म्हणाली. तार ठीक होती. पांढरी पाचचा खर्ज साधारण अठ्ठ्याण्णव हर्ट्झवर, आणि स्पीकरमधून झिरपणारा हम शंभरावर. दोघांत दोनाचा फरक, म्हणून सेकंदाला दोन हेलकावे. मीटरवर ज्याने सुई हलत नव्हती ते तिच्या कानाने पकडलं होतं. मी फिल्टर लावू का विचारलं. सर म्हणाले, "लाव. हमबरोबर खर्जही जाईल." मग ते उठून एकेक प्लग तपासत निघाले. बंदिशी ठेवलेला लॅपटॉप साध्या वायरने मिक्सरला जोडला होता आणि त्याचा चार्जर बाहेरच्या पॅसेजमधल्या सॉकेटला होता. चार्जर आतल्या बोर्डावर आणला, अर्थिंग एक झालं, तार डोलायची थांबली.

तेव्हापासून हा आवाज मी जाईन तिथे ऐकते. न्यू जर्सीला भावाकडे गेले तर त्याचा फ्रीज वेगळ्याच सुरात. तिकडची वीज साठ हर्ट्झची. पन्नासाला षड्ज मानलं तर साठ म्हणजे नेमका कोमल गंधार! आपल्याकडे मात्र आता देशभर एकच षड्ज आहे. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून मदुराईतला आणि मिरजेतला फ्रीज एकाच सुरात घुमतात. मागणी वाढली की हा सूर केसभर उतरतो, घटली की चढतो. त्या चढउतारांची नोंद जुळवून एखादं रेकॉर्डिंग कधीचं आहे, मध्ये कापलंय का, हेही फॉरेन्सिक तज्ज्ञ शोधतात.

वयाबरोबर माझ्या कानातले वरचे सूर विरत चालले आहेत. पंधरा हजारांच्या पुढचं आता विद्यार्थ्यांना विचारावं लागतं. पन्नास मात्र शाबूत आहे, आणि हल्ली माझ्याकडे येणाऱ्या कामात त्याचाच भरणा. लोक आजोबांच्या आठवणी मोबाइलवर टिपून आणतात आणि म्हणतात, "मागची घरघर तेवढी काढा." ती निघते. पण म्हाताऱ्या पुरुषाच्या आवाजाचा पायाही शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपासच असतो. घरघर खरवडताना त्या आवाजाचं थोडं वजनही जातं, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

म्हणून एवढं करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं कराल तेव्हा फोन चार्जिंगवरून काढा, पंखा बंद करा, फ्रीजचं बटण बंद करा. आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवून द्या. शूटिंगवाल्यांची ही जुनी युक्ती आहे: किल्ली घ्यायला जाल तेव्हा फ्रीज चालू करायची आठवण होतेच.