सावड आणि आहेर

गावात देणेघेणे दोन तऱ्हेचे. एक सावडीचे, दुसरे आहेराचे. दोन्ही फेडावेच लागते, पण एकाने माणूस उभा राहतो आणि दुसऱ्याने वाकतो.

वडील वारले त्या साली मृग आठ दिवसांवर आला, तरी आमचे रान नांगरायचे राहिले होते. दावणीला एकच बैल. भावकी-शेजाऱ्यांनी इर्जिक घातली. सहा नांगर एकदम उतरले, दिवस मावळायच्या आत रान उलटले. मजुरी कुणी घेतली नाही. आईने सर्वांना पोटभर जेवू घातले. आमच्याकडे बैलजोडी नाही, म्हणून भांगलणीला ती एकेकाच्या शेतात राबून आली. नांगराच्या एका दिवसाला माणसाचे दोन दिवस. शेवटचा दिवस भरला, तेव्हा ती कुणाची मिंधी उरली नाही.

आहेराचे तसे नाही. वहीत एक्कावन्न लिहिले, की परत करताना एकशे एक करावे लागतात. पुढचा ते आणखी वाढवतो. ज्याचे हातावर पोट, तो उसनवारी करून मांडवात येतो. नाहीतर येतच नाही.

ट्रॅक्टर आले, इर्जिक मागे पडली. वही मात्र जाड होत चालली आहे.

मंडळी, घेतले तेवढेच परत द्यावे, वाढवू नये. ज्याला पैसा जमत नाही, त्याने मांडव घालायला दिलेला एक दिवस वहीत मानाने लिहावा. घामाची नोंद नोटेपेक्षा हलकी नसते.