सोसण्याचा सराव

तालमीत नव्याने आलेल्या पोराला सहसा पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत, त्याच्या हातात खोरं देतात. हौदातली तांबडी माती रात्रीतून दबून घट्ट झालेली असते. ती कडेपासून कडेपर्यंत उकरायची, ढेकळं फोडायची, पायाने सारखी करायची. ताक, तेल, लिंबू, हळद, काव असं बरंच काही खाऊन ती माती जड झालेली असते. दहा-बारा खोरी ओढली की खांदे भरून येतात आणि हौद तर अजून निम्माही झालेला नसतो. त्यानंतर जोर, मग बैठका, मग जोड. डाव त्याच्याही नंतर. या क्रमाचं कारण विचारलं तर ताकद वाढावी म्हणून, असं उत्तर मिळतं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. नुसती ताकद वाढवायला आज याहून सोपी साधनं आहेत. माझ्या मते या पहाटेच्या मेहनतीतून पोर आणखी एक गोष्ट शिकतं आणि ती स्नायूंपेक्षा जास्त टिकते. अंग नको म्हणत असताना घाबरून निर्णय घ्यायचा नाही, ही ती गोष्ट. मनाचा कणखरपणा म्हणतात तो मला याहून वेगळा दिसत नाही. तो उपदेशाने येत नाही, सरावाने येतो. आणि त्या सरावाची सर्वांत हाताशी असलेली जागा म्हणजे स्वतःचं शरीर.

बैठका मारताना एक क्षण हमखास येतो. मांड्या पेटतात, श्वास वर चढतो आणि आतून आवाज येतो की आता होत नाही. हा आवाज किती खरा असतो? इटालियन व्यायामशास्त्रज्ञ सामुएले मार्कोरा यांनी 2010 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केलेला प्रयोग या प्रश्नाच्या मुळाला हात घालतो. त्यांनी दहा रग्बी खेळाडूंना स्थिर सायकलीवर सरासरी 242 वॉट इतक्या जोराने पायडल मारायला सांगितलं, अगदी थकून थांबेपर्यंत. दहाएक मिनिटांत एकेक जण थांबला. हा जोर आता लागतच नाही, असं प्रत्येकाचं म्हणणं. पण थांबल्याबरोबर त्यांना पाच सेकंद जीव खाऊन पायडल मारायला सांगितलं, तेव्हा त्याच पायांनी सरासरी 731 वॉट दिले, म्हणजे जो जोर लागत नव्हता त्याच्या तिप्पट. पाय थकले होते यात शंका नाही, कारण ताजेपणी हेच खेळाडू हजाराच्या वर जात होते. पण ते थांबले ते पाय संपले म्हणून नव्हे. कष्ट असह्य वाटले म्हणून थांबले. ‘होत नाही’ आणि ‘नकोसं झालं’ यांच्यात बरंच अंतर आहे आणि आपण बहुतेक जण ते अंतर न मोजताच जगतो. तालमीतला पोरगा ते रोज मोजतो. आणखी चार बैठका मारतो आणि आपण मेलो नाही हे त्याला कळतं. हे कळणं वाचून येत नाही.

जोडीत हे आणखी स्पष्ट होतं. मातीच्या कुस्तीत खाली जाणं म्हणजे काय, हे लांबून पाहणाऱ्याला कळत नाही. समोरच्याने एकेरी पट काढून खाली घेतलेलं असतं, त्याचं सगळं वजन पाठीवर असतं, गुडघा मानेवर रुततो, गाल मातीत दाबलेला असतो आणि श्वासाबरोबर माती नाकात जाते. नवशिक्या इथे धडपडतो, उसळी मारतो आणि त्या घाईतच पाठ टेकवतो. मुरलेला पैलवान काही क्षण काहीच करत नाही. कोपर अंगाशी घेतो, श्वास जागेवर आणतो, वरच्याचं वजन कुठल्या बाजूला झुकतंय ते अंगानेच जोखतो आणि मग हलतो. दोघांचा त्रास सारखाच असतो. फरक एवढाच, की एकाला त्या त्रासात आपल्या हातात काही आहे हे ठाऊक असतं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. विजेचे सारखेच झटके दोन गटांना दिले. एका गटाला डोक्याने फळी दाबून झटका थांबवता येत होता, दुसऱ्याला नाही. पुढे सुटकेचा सोपा मार्ग समोर असतानाही दुसऱ्या गटातले बरेचसे कुत्रे निमूट पडून राहिले. त्या प्रयोगांचं क्रौर्य मला खुपतं, पण त्यांचा निष्कर्ष टाळता येत नाही. जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी आपलं म्हणणं दुरुस्त केलं. लांबलेल्या त्रासापुढे हातपाय गाळणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की आपल्याला काही करता येतं. तालीम शिकवते ते हेच.

हा धडा आयुष्यात कुठवर पुरतो, हे खाशाबा जाधवांकडे पाहिलं की दिसतं. कराडजवळच्या गोळेश्वरला 1926 मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लहानपणीच माती अंगाला लागली. पुढे कोल्हापूर, राजाराम कॉलेज. 1948 मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती. आयुष्यभर कमावलेली पायाखालची माती तिथे नव्हती. ते सहावे आले. 22 वर्षांच्या तरुणाला एवढ्यावर समाधान मानता आलं असतं. त्यांनी मात्र पुढची चार वर्षं पुन्हा नवशिक्या होऊन काढली, वजनगट बदलला, मेहनत वाढवली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. तिथे खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मला या कहाणीत पदकाइतकीच लंडननंतरची चार वर्षं महत्त्वाची वाटतात. मोठ्या माणसाने पुन्हा अडाणी होण्यातली बेचैनी पत्करायची, ही मांड्या पेटण्याहून अवघड गोष्ट आहे. पण तिचा सराव त्याच हौदात झालेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की आखाड्यातला धीर आखाड्यातच राहतो. बलदंड पैलवान कर्जापुढे, कोर्टापुढे, घरातल्या दुःखापुढे कोसळलेले आपण पाहतोच. आक्षेप खरा आहे. दंडात आलेली ताकद आपोआप मनात उतरत नाही. पण शरीराचा आणि मनाचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडलेला नसतो. मार्कोरांच्याच 2009 च्या प्रयोगात 90 मिनिटं डोक्याला ताण देणारं काम केलेली माणसं सायकलीवर एरवीपेक्षा जवळजवळ दोन मिनिटं आधी थांबली. हृदयाची आणि फुफ्फुसांची कामगिरी त्याने घटलेली नव्हती, तोच व्यायाम त्यांना जास्त जड वाटला एवढंच. मनाचा शीण शरीराला आखूड करत असेल, तर शरीराने मिळवलेली सोसण्याची ओळख मनाच्याही कामी येईल, असं मानायला जागा आहे. अट एकच, मेहनत डोळसपणे व्हायला हवी. आकडे पुरे करायला बैठका मारणारा पाय कमावतो, आणि आपण कुठे कच खातो हे पाहत मारणारा स्वतःला ओळखतो. शिवाय या सरावाला पैलवानच असावं लागत नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रसार करत राहिले आणि उतारवयातही स्वतः घालत राहिले. वय वाढलं की संख्या घटते, वेग घटतो. अंग नको म्हणत असताना उठून उभं राहणं घटत नाही, उलट त्याची किंमत वाढते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वाकलेला पाय सरळ करताना माणसाला तेच लागतं.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. ज्यांच्या आयुष्यात कष्ट ओसंडून वाहताहेत त्यांना कष्टाचं महत्त्व सांगणारे आपण कोण? ऊसतोड कामगार पहाटे अंधारात फडात उतरतो, मोळ्या वाहतो, रात्री खोपटात पाठ टेकतो. सोसण्याने माणूस घडत असता तर त्याच्याइतकं सुखी मन कुणाचंच नसतं. इथे तालमीचा नीट विचार केला पाहिजे. तालमीत मेहनतीइतकाच खुराक असतो, दूध-तूप-बदाम असतात, मालीश असते, दुपारची झोप असते. अति होतंय हे ओळखून थांबवणारा वस्ताद असतो. आणि पोर स्वतःच्या पायाने आलेलं असतं. फडात यातलं काहीच नसतं. मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयुष्यात संकटं फार झेललेल्यांपेक्षा आणि एकही न झेललेल्यांपेक्षा, थोडीफार झेललेली माणसं मनाने अधिक सावरलेली आढळली. म्हणजे मापाला महत्त्व आहे. लादलेले, न संपणारे कष्ट माणसाला झिजवतात. ते कमी करणं हे समाजाचं काम आहे आणि व्यायामाचे गोडवे गाऊन ते टाळता येत नाही.

तिसरा आक्षेप या विचाराच्या गैरवापराचा. सोसण्याचं कौतुक सुरू झालं की सोसायला लावणाऱ्यांचं फावतं. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशिईशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. नियमाने मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. ते हरले. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली, निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं, 1984 मध्ये रस्ता अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर 15 वर्षांहून अधिक काळाने जाहीर झाला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाटने अंतिम फेरी गाठली. रात्रभर अन्नपाण्याविना व्यायाम केला, केस कापले आणि सकाळी 50 किलोच्या गटात 100 ग्रॅम जास्त भरल्याने ती बाद झाली. अंगातलं पाणी सोसण्याच्या जिद्दीला जुमानत नाही. पण तिच्या आयुष्यातली मला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट त्याआधीची आहे. 2023 मध्ये ती, साक्षी मलिक आणि इतर कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. ज्या मुलींनी लहानपणापासून सोसण्याचा सराव केला, त्यांनीच काय सोसायचं नाही ते जाहीरपणे सांगितलं. गप्प राहण्याला कणखरपणा म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर नाही. त्रासाला न घाबरणारा माणूसच अन्यायाला नाही म्हणण्याची किंमत मोजू शकतो.

म्हणून मला वाटतं, आपल्या मुलांना या सरावापासून वंचित ठेवणं हे त्यांच्यावर प्रेम करणं नव्हे. शाळेत पी.टी.चा तास गणिताला किंवा विज्ञानाला देऊन टाकताना आपण मुलांचा वेळ वाचवला असं समजतो. प्रत्यक्षात, हरण्याची, धापा टाकण्याची आणि तरी पुन्हा उभं राहण्याची सुरक्षित जागा आपण काढून घेतलेली असते. ही जागा तालीमच असावी असं नाही. मल्लखांब, कबड्डी, पोहणं, डोंगर चढणं, काहीही चालेल. चार गोष्टी मात्र हव्यात: मुलाची स्वतःची इच्छा, वाढत जाणारे पण मापातले कष्ट, पुरेसं खाणं-झोप, आणि थांब म्हणू शकणारं जाणतं माणूस. यातली एक जरी नसेल तर ते शिक्षण नव्हे, छळ आहे. चारही असतील तर मुलाला थोडं दमू द्या, थोडं हरू द्या, लगेच धावत जाऊन उचलू नका. आणि मोठ्यांनी हे फक्त मुलांना सांगू नये. रोज थोडा वेळ स्वतःचं अंगही दमवावं.