पुढच्या उधाणापर्यंत

मासा म्हटला की आमच्या घरात पहिला प्रश्न, तळायचा की कालवण? त्यामुळे सॅन डिएगोला लेक म्हणाली, "आई, आज रात्री मासे बघायला जाऊ," तेव्हा मी आधी पिशवी शोधली.

"पिशवी ठेव. एप्रिल ते जून त्यांना हात लावायचा नसतो."

माशाचं नाव ग्रुनियन. वीतभरही नाही, चंदेरी, अंगानं आपल्या मुडदुशीसारखा. हा अंडी घालतो पाण्याबाहेर, किनाऱ्याच्या वाळूत. पुनवेच्या नाहीतर अवसेच्या उधाणानंतर तीन-चार रात्री, भरती उतरायला लागली की लाटेबरोबर वर येतो. तिथलं सरकारी खातं या रात्रींचं वेळापत्रक काढतं. आमचे बाबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे. त्यांना हा मासा घरचाच वाटला असता.

आधी चार-दोनच आले. मग एका लाटेनं वाळूवर चांदीच पसरली. मादी शेपटीनं वाळू उकरत अर्धीअधिक रुतते, उभीच्या उभी. नर तिला वेटोळं घालतात. अर्ध्या मिनिटाचा कारभार, की पुढच्या लाटेबरोबर परत! भरती उतरती असल्यामुळे दुसऱ्या रात्रीचं पाणी अंड्यांपर्यंत पोचत नाही. पुढच्या उधाणाला लाट वाळू ढवळते, तेव्हा काही मिनिटांत पिल्लं फुटतात. लाट नाहीच पोचली, तर पिल्लू अंड्यातच आणखी पंधरवडा थांबतं. एवढा दम माणसाला कुठला?

माणसं मात्र त्या रात्री दमानं उभी होती. पोरंसुद्धा कुजबुजत होती. मोकळ्या महिन्यांतही जाळं नाही, खड्डा खणायचा नाही. नुसत्या हातानं, माणशी तीस.

मला आमचे चढणीचे मासे आठवले. पहिल्या पावसात व्हाळातून शेतात चढणारे, पोटं गाबोळीनं टम्म. कंदील-कोयते घेऊन सगळी वाडी व्हाळावर. चव अजून जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू! समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, पण व्हाळावर पहारा कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. म्हटलं, यंदा पहिले दोन दिवस सोडा त्यांना, अंडी तरी घालू देत.

"गेल्या पावसात टोपलीभरपण गावले नाय," तो म्हणाला. "मी सोडीन गो ताई. पण खालच्या वाडीक कोण सांगतलो?"

मृगाला अजून पंधरा दिवस होते. म्हटलं, खालच्या वाडीतल्या काकींचा नंबर दे.