आधी विचारा, मग टेम्पो भरा

साजगावच्या विठोबाला पंचक्रोशीत सगळे बोंबल्या विठोबा म्हणतात. कार्तिकीच्या जत्रेत इथे सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. किनाऱ्यावरच्या कोळणी बोंबील, सुकट, जवळा घेऊन येतात आणि आमच्या वाड्या-पाड्यांवरची घरं त्यातून बेगमी करतात. त्यामुळे 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तेव्हा आमच्या बचत गटातल्या बायकांच्या तोंडी पहिला प्रश्न आला तो त्या कोळणींचाच. आमच्याकडेही झाडं पडली, पत्रे उडाले. पण किनाऱ्यावर वारा ताशी 110-120 किलोमीटरने घुसला होता.

कोरोनाचे दिवस. हाताला काम नाही, तरी घराघरांतून तांदूळ, डाळ, तेल, मेणबत्त्या, ताडपत्र्या जमल्या. टेम्पो भरून आम्ही पाली, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन तालुक्यात उतरलो.

सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. नारळ, सुपारी, आंबा, फणस, सगळं एकावर एक पडलेलं, मुळं वर आलेली. विजेचे खांब कोसळलेले, त्यामुळे पंप बंद. पंप बंद म्हणून पाणी नाही. मोबाइललाही रेंज नव्हती. मासेमारी बंद झालेली, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. पावसाळ्यात विकायला सुकवून ठेवलेली मासळी छप्पर उडाल्यावर भिजली, कुजली. मासेमारी बंद असताना त्या घरांचा उरलासुरला आधारही गेला.

एका शाळेच्या पडवीत जुन्या कपड्यांचा ढीग पावसात भिजत पडला होता. आमच्याआधी आलेल्या गाड्यांनी तो उतरवला होता. तिथली एक कोळीण म्हणाली, "ताई, कपडे झाले गो पुष्कळ. पत्रे द्या, नायतर पोरांना पुस्तकं द्या."

तिच्या घरात तिचा मुलगा चुलीपाशी बसला होता. भिजलेल्या गणिताच्या पुस्तकाची चिकटलेली पानं तो एकेक करून सोडवत होता आणि धगीवर धरत होता. शाई पसरून आकडे पुसट झाले होते, तरी तो ते वाचत होता. शहरातल्या मुलांची शाळा त्या जूनमध्ये मोबाइलवर सुरू होत होती. इथे मोबाइल चार्ज करायला वीज नव्हती आणि हातातलं पुस्तकही गेलं होतं.

दुसऱ्या खेपेला आम्ही आधी गावातल्या शिक्षकांकडून यादी मागवली. पत्रे, हूक, खिळे, सौर दिवे, इयत्तेप्रमाणे पुस्तकं, वह्या, दप्तरं. मुलींसाठी सॅनिटरी पॅड. यादीबाहेरची एकही वस्तू टेम्पोत चढवली नाही आणि नेलेलं सगळं त्याच दिवशी घराघरांत पोहोचलं.

वादळानंतर सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजारांवर नेली. वाढ मोठी होती. पण इथल्या वाड्या गुंठ्यांवर मोजतात. हिशेब केला तर गुंठ्याला पाचशे रुपये पडतात. त्यात पडलेली झाडं तोडून बाहेर काढण्याची मजुरीही सुटत नाही. नवी सुपारी लावली तर फळावर यायला सहा-सात वर्षं जातात. तोवर पोरांची शाळा कशावर चालायची?

म्हणून सांगते. आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मदतीला पुष्कळ हात येतात, महिन्याभराने रस्ता ओस पडतो. तुम्ही त्या महिन्यानंतर जा. जाण्याआधी गावाला विचारा, शिक्षकांना विचारा, बायकांना विचारा. आणि जमलं तर एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च त्याच्या घरची वाडी पुन्हा फळावर येईपर्यंत उचला.