भिंतीवरचा पेपर

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मोबाइल वाजला की समजायचं, एक तर बॉस, नाही तर लोनवाली. पण डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी निघाली माझी वर्गमैत्रीण. आम्ही दोघी जिथे शिकलो त्याच शाळेत ती आता मराठी शिकवते. घोडेगावच्या पलीकडे, आंबेगाव तालुक्यात.

"अगं, तू कॉम्प्युटरमधली ना? आपलं भित्तीपत्रक नेटवर टाकायचंय. रविवारी ये."

गावाकडे एकदा कळलं ना, की आपण आयटीत आहोत, की प्रिंटरपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळं आपल्याच गळ्यात! मी फक्त टेस्टिंग करते, हे सांगून काही उपयोग नसतो. गेले.

ज्यांच्या शाळेत भित्तीपत्रक नव्हतं, त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हरांड्यात एक काचेची पेटी. आत कार्डशीट, त्यावर मुलांचे लेख, कविता, कोडी, एखादं चित्र. कोपरे टाचण्यांनी दाबलेले. महिना संपला की जुनं काढायचं, नवं लावायचं. त्यातलं निवडक वर्षाअखेरीस हस्तलिखितात जायचं. हस्तलिखित म्हणजे वार्षिक अंक, पण त्याची प्रत एकच! आणि प्रत्येक वर्गात एक मुलगा असा असायचा, की ज्याला गणित येत नसे, पण अक्षर मोत्यासारखं. त्या एका महिन्यात त्याचा काय भाव असायचा म्हणून सांगू!

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास घालवून शाळेत पोचले. आठवी-नववीची अकरा मुलं रविवार असून हजर. लेखांचा गठ्ठाही तयार. एकाने खोडदच्या सहलीवर लिहिलं होतं. तिथे जीएमआरटीच्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश आहेत. अशा एकूण ३० डिश मिळून एक दुर्बीण होते. या पठ्ठ्याने हिशोब मांडला होता, की एका डिशमध्ये आमची शाळा किती वेळा मावेल. दुसऱ्याने नारायणगावच्या टोमॅटो मार्केटवर लिहिलेलं, काकाला मिळालेल्या भावासकट. बिबट्यावर तीन लेख होते. जुन्नर-आंबेगावात भित्तीपत्रक काढायचं आणि बिबट्या नाही, असं होतच नाही. ऊस वाढला, बिबट्याला लपायला जागा मिळाली, हे इथल्या पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं.

मैत्रिणीचा प्लॅन सोपा होता. कार्डशीटचे फोटो काढायचे आणि टाकायचे. मी म्हटलं, थांब. फोटोतला मजकूर मोबाइलवर वाचायचा म्हणजे बोटांनी ताणताणून वाचायचा. शोधायला गेलं तरी तो नीट सापडेलच असं नाही. शिवाय बाईंची लाल शाई तशीच दिसणार! टाइपच करायला हवं. मुलांनी मोबाइल काढले आणि चक्क बोलून टाइप करायला लागली. 'वस्ती'ची 'स्वस्ती' झाली, सगळे हसले, पण दोन तासांत सहा लेख तयार. सुंदर अक्षराचा यंदाचा मानकरी मात्र कोपऱ्यात गप्प बसला होता. मग ठरलं, मथळे त्याने हाताने लिहायचे आणि तेवढ्यांचेच फोटो घ्यायचे. गडी एकदम खूश.

खरं सांगू? मला हे इतकं सोपं वाटलं नव्हतं. कारण हा उद्योग मी आधी एकदा करून बसलेय.

२००५ साल. मी पुण्यात इंजिनिअरिंगला. आमच्या बॅचचं हस्तलिखित मी नेटकॅफेत बसून, तासाला पैसे मोजून, एका फुकट जागा देणाऱ्या साइटवर चढवलं होतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, पण आमच्या हातात होते डीटीपीवाल्यांचे फॉन्ट. त्यांत 'क'च्या जागी आत भलतंच इंग्रजी अक्षर दडलेलं. म्हणून पानाच्या डोक्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आधी हा फॉन्ट डाउनलोड करा'. फॉन्ट नसेल, तर तुमच्या स्क्रीनवर मराठीऐवजी नुसता कचरा! शाळेतल्या चार जणांनी तरी ते पान वाचलं असेल का, शंकाच आहे. काही वर्षांनी ती सेवाच बंद झाली आणि पान गेलं. २०१४ मध्ये ऑर्कुट गेलं तेव्हा आपल्या कितीतरी जणांना असंच हळहळायला झालं होतं, आठवतंय?

आणि ते कागदी हस्तलिखित? मैत्रिणीने कपाटातून काढून समोर ठेवलं. कडा कसरीने खाल्लेल्या, पण आहे. माझी 'पाऊस' नावाची भयानक कविताही आहे.

तर माझ्या मते प्रश्न तांत्रिक होता आणि तो सुटला होता. ६ जानेवारीचा मुहूर्त ठरला. १८३२ साली त्याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, म्हणून तो पत्रकार दिन. मी लॅपटॉपवर नमुना पान बनवलं आणि गठ्ठ्यातला सगळ्यात भारी लेख वर घेतला. नववीतल्या एका मुलीचा. तिचे वडील मुंबईत डबेवाले. आमच्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्या कामाला जातात. तिने लिहिलं होतं, पप्पा आले की पहिल्या दिवशी मला लाज वाटते, दुसऱ्या दिवशी मी बोलायला लागते, तिसऱ्या दिवशी ते जातात.

ती शेजारी येऊन उभी राहिली. "ताई, माझं भिंतीवर लावा. नेटवर नको."

"अगं, का? नेटवर असलं तर पप्पांना मुंबईत वाचता येईल!"

"म्हणूनच."

मी तरी समजावत बसले. एकदा नाही, दोनदा. किती छान लिहिलंयस, सगळ्यांना आवडेल वगैरे. ती खाली बघत राहिली. शेवटी मैत्रीण हळूच म्हणाली, "तिच्या पप्पांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एकाने वाचलं की सगळे वाचणार. मग त्यांना काय वाटेल?"

मी तो लेख पानावरून काढला. लाज वाटली मला, खरंच. ऑफिसात दिवसभर मी हेच तर विचारते, की हे बटण कुणी दाबलं तर काय होईल? इथे विचारायला विसरले. व्हरांड्यातल्या पेटीसमोर कोण थांबतं ते लिहिणाऱ्याला माहीत असतं. महिन्याने कागद उतरतो आणि माझ्या 'पाऊस'सारख्या कविता लोक विसरूनही जातात. नेटवर यातलं काहीच आपोआप होत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

मग आम्ही जेवणाच्या सुट्टीत नियम केले. एका वहीत दोन रकाने, 'भिंत' आणि 'भिंत व नेट'. कुठल्या रकान्यात जायचं ते लिहिणाऱ्याने ठरवायचं. नेटवर फक्त पहिलं नाव, फोटो नाही. नंतर कधीही 'माझं काढा' म्हटलं की काढायचं, कारण विचारायचं नाही. पालकांची सही घ्यायचीच, कारण २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितलीय. आणि हस्तलिखित बंद करायचं नाही. साइट जातात, कपाट राहतं!

६ जानेवारीला पान सुरू झालं. डिशचा हिशोब आणि टोमॅटोचा भाव गावाबाहेर गेलेल्या बऱ्याच जणांनी वाचला, असं मैत्रीण सांगत होती. एका आजोबांनी बिबट्याच्या लेखातली चूकही काढली म्हणे.

मागच्या आठवड्यात पुन्हा तिचा फोन. ती नववीतली मुलगी तिच्याकडे गेली होती. "बाई, नेटवर नकोच. पण हस्तलिखितात घ्या. पप्पा यात्रेला आले की मी त्यांना शाळेत आणून दाखवीन. दुसऱ्या दिवशी."

यात्रा चैत्रात आहे. मी रजेचा अर्ज टाकलाय. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'वैयक्तिक'.