ओला मोजा

गाडी घेतली की लोक पेढे मागतात, हे मला ठाऊक होतं. लोक नाकाला रुमाल लावतील, हे ठाऊक नव्हतं.

आमची गाडी जुनी. म्हणजे आम्हाला नवी, पण नऊ वर्षं दुसऱ्याच्या घरी नांदून आलेली. मी पडलो बँकेतला कारकून. इंजिन नंबर, चॅसी नंबर, विम्याची तारीख, आधीच्या कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला, सगळं तीनतीनदा ताडून पाहिलं. वास तेवढा तपासला नाही. बी. कॉम.ला वास हा विषयच नव्हता. शिवाय व्यवहार झाला मे महिन्यात, आणि मे महिन्यात पुण्यात कशालाच कुबट वास येत नाही.

गाडी घेतली ती आईसाठी. तिची धाकटी बहीण, आमची मावशी, वाईला असते. दोघींचे गुडघे एकाच वर्षी संपावर गेले आणि दोघींनाही एसटीची पायरी चढणं बंद झालं. तीन वर्षं दोघी फोनवरच भेटत होत्या. मावशीला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती भेट आमच्या अख्ख्या सोसायटीला घडत असे. "वाई ती काय, नव्वद किलोमीटर!" असं म्हणून मी फंडातून पैसे काढले.

जूनमध्ये पाऊस लागला. काचा वर केल्या, एसी लावला, आणि पहिल्याच झोताबरोबर समोरच्या जाळीतून ओला मोजा आला. पावसात भिजलेल्या बुटात रात्रभर कोंबून ठेवलेल्या मोज्याचा अस्सल वास. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी तो जाई. म्हणजे जात असेल, किंवा नाकाला सवय होत असेल. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कशाचीही सवय फार लवकर होते.

आईला ती पाच मिनिटं काढता आली नाहीत. सोसायटीच्या फाटकाशीच ती म्हणाली, "थांबव." पदर नाकाला लावून उतरली. "या वासात मी खंबाटकी चढायची नाही. उलटी होईल मला." मग पुन्हा वाकून, दोनदा हुंगून विचारते, "रात्री गाडी बंद करतोस तेव्हा आत ओलं काय राहतं रे?"

"काही नाही, आई."

"काहीतरी ओलं झाकून ठेवतोयस तू."

मी हसलो. यंत्रातलं आईला काय कळणार! (मलाही काही कळत नव्हतं, पण मी गाडीचा मालक होतो.)

बँकेत हा विषय निघाला आणि त्या दिवशी काउंटरवरची रांग दाराबाहेर गेली. हेडकॅशियर म्हणाले, लिंबू कापून ठेवा. लिंबू ठेवलं, चार दिवसांनी त्यालाच बुरशी आली. शिपाई म्हणाला, कापूर. कापराने गाडीला देवळाचा वास आला, पण ज्या देवळात भाविक ओले मोजे घालून येतात अशा देवळाचा. कॉफीची पूड झाली, कोळसा झाला. कोळशाने थोडा फरक पडला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. शेवटी मी मोगऱ्याच्या सुवासाची बाटली आणून जाळीला अडकवली. परिणाम असा, की तोच ओला मोजा आता गजरा माळून येऊ लागला. वासावर वास घातल्याने वजाबाकी होत नाही, बेरीज होते. एवढं साधं गणित कॉमर्सवाल्याला तरी कळायला हवं होतं.

त्यातच डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं राहू लागलं. त्या सीटवर आमची ही बसते, म्हणून मी सगळा ठपका हिच्या छत्रीवर ठेवला. "अहो, मी छत्री बाहेर झटकून आत येते," असं ती दोन महिने सांगत होती. दोन महिने मी तिच्याकडे, खातेदाराकडे पाहावं, तसं संशयाने पाहत होतो.

अखेर ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने डॅशबोर्डचा खण उचकटला आणि मागून एक चौकोनी वस्तू ओढून काढली. "साहेब, हा केबिन फिल्टर." फिल्टर पांढरा असतो, हे त्यानेच सांगितलं म्हणून कळलं. माझ्यापुढे होती ती काळी गोधडी. तिच्यात गुलमोहराची बारीक पानं, एक पीस आणि झुरळाचा पंख. नऊ वर्षांत कोणी त्या खणामागे डोकावलंच नव्हतं. मग गाडीखाली शिरून त्याने एका नळीत तार घातली, आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडीने भळाभळा काळं पाणी सोडलं. एसीचं पाणी खाली जायची ही नळी. ती चिखलाने बुजली होती, म्हणून पाणी आत कार्पेटवर येत होतं. छत्रीची निर्दोष मुक्तता झाली. ही त्या वेळी शेजारीच उभी होती, पण काही बोलली नाही. न बोलणं हे किती प्रभावी असतं, ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

मग मी घरी येऊन थोडं वाचन केलं. एसीचं मूळ यंत्र विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनियरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखलं, तेही माणसांसाठी नव्हे! हवेतल्या दमटपणाने कागद फुगे आणि छपाईचे रंग जागच्या जागी बसत नसत, म्हणून हवेतलं पाणी काढायला. गाडीतही तेच चालतं. डॅशबोर्डच्या पोटात गार कॉइल असते. उकाड्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब सुटतात, तसे तिच्यावर सुटतात. गाडी चालू आहे तोवर ठीक. बंद केली की आत अंधार, ओल आणि धूळ. बुरशीला आणखी काय लागतं? रात्रभर तिचा संसार वाढतो आणि सकाळी पहिल्या झोतासरशी तो आपल्या तोंडावर येतो.

गॅरेजवाल्याने फेस मारून कॉइल धुतली, नवा फिल्टर बसवला आणि विचारलं, "साहेब, घराखाली आलात की काय करता?"

"चावी फिरवतो आणि वर जातो."

"म्हणजे कॉइल ओलीच, आणि वर झाकण. मग अत्तराचा वास येणार का?"

हे वाक्य मी फाटकाशी फुकट ऐकलं होतं. इथे त्याचं बिल झालं.

आईला सांगितलं, तर तिला नवल वाटलं नाही. "बरणी धुतली की उन्हात वाळवायची, मग झाकण लावायचं. गाडी झाली म्हणून काय झालं?"

तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे. घर एक किलोमीटरवर आलं की एसी बंद, पंखा मोठा आणि बाहेरची हवा आत. पूर्वी आतलीच हवा फिरवायचं बटण मी कायम दाबून ठेवत असे, थंडी वाया जाऊ नये म्हणून. आता तो शेवटचा किलोमीटर सगळं कुटुंब घाम पुसत येतं. मुलगी विचारते, "बाबा, एसीची गाडी असून घामाघूम होऊन उतरणारे आपणच का?"

सप्टेंबरात एका रविवारी खंबाटकी चढलो. काचा बंद होत्या. मी आरशातून आईचा पदर पाहत होतो. तो घाटभर खांद्यावरच राहिला. वाईला पोचल्यावर दोघी बहिणी तासभर एकमेकींचे हात धरून, एकाच वेळी बोलत बसल्या. मग मावशी म्हणाली, "गाडी दाखव की." दोघांनी धरून तिला आत बसवलं. तिने सीटवरून हात फिरवला, नाक वर करून हुंगलं आणि तिच्या ठेवणीतल्या आवाजात, कृष्णेच्या घाटापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "नवी कोरी घेतलीस का रे?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नवी नाही गं. वाळवलेली आहे."