गुऱ्हाळाचा पिनियन आणि आमच्या शेडमधलं मिलिंग

कांद्याची आणि खोडव्याची नोंद पुढच्या वेळी. मागच्या फोटोत शेडमधलं हिरवं धूड बघून बऱ्याच जणांनी विचारलं, ते काय आहे आणि शेतकऱ्याने ते कशाला घेतलं. आज तेवढंच लिहितो. जरा लांबेल.

ते आडवं मिलिंग मशीन आहे. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार जागेवर राहतं. मिलिंगवर उलटं: कटर फिरतो आणि जॉब टेबलावर बांधून त्याच्याखालून सरकवायचा. कटर ज्या दांड्यावर बसतो त्याला आर्बर म्हणतात, तो आडवा असतो म्हणून आडवं मिलिंग. शाफ्टला चावीची खाच पाडायची, चौकोनी डोकं काढायचं, आणि मुख्य म्हणजे गिअरचे दात कापायचे, ही त्याची कामं.

आमचं रान शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढे भीमेच्या अंगाला. नदी ओलांडली की दौंड तालुका: पारगाव, केडगाव, चौफुला. तिकडे गुऱ्हाळं भरपूर. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत तोडणीची टोळी मिळेना, म्हणून दीड एकर ऊस केडगावकडच्या एका गुऱ्हाळाला दिला. १२ टन तोडून अड्ड्यावर पडला आणि संध्याकाळी गुऱ्हाळवाल्या तात्यांचा फोन आला. "दादा, तोड थांबवा. चरकाच्या पिनियनचे दोन दात उडाले."

चरक जुना, तात्यांच्या वडलांच्या काळातला. मोटारीवरून पट्टा, पट्ट्यावरून शाफ्ट, शाफ्टवर २२ दातांचा पिनियन आणि तो मोठ्या चाकाला चालवतो. दात वेल्डिंगने भरून बघितले, तासाभरात पुन्हा उडाले. पुण्याला नवीन करून मिळायला पाच दिवस लागले. तोडलेल्या उसाचं पाच दिवसांत काय होतं ते इथल्या कृषी सहायकांना सांगायला नको. वजन घटतं ते दिसतं तरी. आत साखरेचं विघटन होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं ते दिसत नाही, ते काहिलीत कळतं. गुळव्याने चुना बघितला, भेंडीचं पाणी वाढवलं, चांगला ११८ अंशापर्यंत पाक नेला, तरी गूळ बसेना. ढेप काढली तर बाजूने पसरली, रंग काळपट. निम्म्या दराने गेला. तात्यांनी स्वतःहून पैसे कमी घेतले, पण त्यांचाही हंगाम तुटलाच होता.

त्या पाच दिवसांत माझ्या डोक्यात हे मशीन शिरलं. आमच्या वस्तीवर एक मामा आहेत. आयुष्यभर भोसरीत मिलर म्हणून काम केलं, निवृत्त होऊन गावाला आले. त्यांना तुटलेला पिनियन दाखवला तर म्हणाले, "अरे, हे एका दिवसाचं काम. मशीन असतं तर तुला इथंच कापून दिला असता." मशीन नव्हतं. दीड वर्ष शोधत होतो. शेवटी भोसरीत एका लहान कारखान्याचे मालक संगणकावर चालणारं मशीन घेत होते आणि जुन्याला जागा नव्हती. भंगारवाला वजनावर मागत होता, मी त्याच्यापेक्षा थोडे जास्त दिले: १ लाख ४० हजार. कांद्याचे पैसे होते ते गेले. आमच्या आबांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं.

मशीन एचएमटीचं आहे, पिंजोरचं, पाटीवर १९७४. मग आबांना सांगितलं, तुमच्या मनगटावरचं जनता घड्याळ ज्या कंपनीचं, तिचंच आहे. लोकांना एचएमटी म्हटलं की घड्याळ आठवतं, पण १९५३ साली बंगळुरात सुरू झाली ती मशीन बनवायलाच, घड्याळं १९६१ नंतरची. आणि हरियाणातल्या त्याच पिंजोरहून १९७१ पासून एचएमटी झेटर ट्रॅक्टर निघायचे. झेटरचं नाव निघाल्यावर आबा उठून मशीन बघायला आले.

घेताना मामांना घेऊन गेलो होतो, हे माझं नशीब. त्यांनी रंग बघितलाच नाही. टेबल मध्यावर आणून हँडल उलटसुलट फिरवलं, मग दोन्ही टोकांना नेऊन तसंच केलं. मध्ये हँडल बरंच मोकळं फिरत होतं, टोकांना कमी. स्क्रू नेहमी मधेच झिजतो, कारण काम मधेच होतं. मधली झीज बघून नट आवळला तर टोकाला टेबल अडकतं. म्हणून हा ढिलेपणा पूर्ण जात नसतो, त्याला सांभाळून घ्यावं लागतं. दर पाडायला मात्र तो उपयोगी पडतो. मग स्पिंडलच्या तोंडात बोट घालून टेपर चाचपला, गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेऊन उन्हात धरलं. पितळेचा कीस चमकत नाही ना, ते बघायचं होतं.

आणायचं काम सोपं नाही. दीड टनाच्या पुढचं वजन आणि सगळं वरच्या अंगाला. टेबल पार खाली घेतलं, वरचा ओव्हरआर्म आत ढकलून आवळला, क्रेनचा पट्टा मशीनच्या मुख्य अंगाला घातला. टेबलाला पट्टा घालून कधी उचलू नका. चाकण, शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे करत टेम्पो न्हावऱ्याला आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. वस्तीवर क्रेन कुठली? पहारी आणि पाइप. पाइपावर ढकलत शेडमध्ये घेतलं. आठ माणसं, मागे बिबट्याच्या भीतीने लावलेला हॅलोजन.

आता माझी पहिली चूक. शेड उसाच्या कडेला आहे आणि जमीन काळी. मी सहा इंच काँक्रीट टाकून मशीन बसवलं, लेव्हल केलं, खूश झालो. दिवाळीनंतर मामांनी त्यांची बारीक लेव्हल आणली. मीटरला ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला की तिचा बुडबुडा एक रेघ सरकतो. तो सहा रेघा सरकला होता, तेही एका कोपऱ्यात एका बाजूला आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसऱ्या बाजूला. म्हणजे मशीनला पीळ पडला होता. पीळ पडलं की टेबल मधेच जड जातं, मधेच हलकं, आणि खाच तिरकी निघते. कारण आपल्या सगळ्यांना पाठ आहे: काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगा पडतात. भिंतीपलीकडे उसाला पाणी देत होतो. एक बाजू फुगलेली, दुसरी कोरडी. पिकासाठी जे रान आपण चांगलं म्हणतो, ते पायासाठी वाईट.

मशीन उचलून चार फूट खणलं, मुरूम लागेपर्यंत. दगड-मुरूम भरून ठोकला, सळई टाकून काँक्रीट केलं, भिंतीकडून चर काढला आणि उसाची शेवटची सरी सोडून दिली. परत २२ हजार. तेव्हापासून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर लेव्हल बघतो. एखादी रेघ हलते, तेवढी पत्र्याच्या पट्ट्या घालून काढतो.

दुसरी चूक लहान, पण तुमच्यापैकी अनेक जण करतील. पहिल्या पावसाळ्यात त्याच शेडमध्ये पोटॅशच्या गोण्या ठेवल्या. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइड, हवेतली ओल धरतं. ऑगस्टमध्ये बघतो तर गोण्यांकडच्या अंगाला टेबलावर तांबडा गंज. रॉकेल आणि बारीक दगडाने घासून काढला, खुणा राहिल्या. आता खत वेगळ्या खोलीत. प्लास्टिकचा कागदही झाकत नाही, आतून घाम धरतो. जुनं सुती धोतर तेलात ओलं करून पसरतो.

लाइटीचं एक. शेतीपंपाच्या कनेक्शनवर मशीन चालवणं नियमात बसत नाही, आणि तिथे थ्री फेज आठ तास, तेही कधी रात्री. वेगळं औद्योगिक कनेक्शन घेतलं.

सगळं झालं आणि मागच्या डिसेंबरात तात्यांचा पुन्हा फोन. तोच पिनियन, पुण्याहून केलेला, दात झिजून आवाज करतोय. हंगाम नुकता लागलेला. मी म्हटलं, मी करतो. मामा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे होते. मला वाटलं, येतंय आता.

बाहेरचा व्यास मोजला: १५१.८ मिलिमीटर. दात २२. हिशेब असा की व्यासाला दातांची संख्या अधिक २, म्हणजे २४ ने भागायचं, मॉड्यूल येतो. आला ६.३२५. असा मॉड्यूल मिळत नाही. माझ्याकडे साडेसहाचा कटर होता. साडेसहाला व्यास १५६ पाहिजे. मी मनाशी म्हटलं, झिजून कमी झाला असेल. १५६ चा गोळा लेथवर काढून आणला आणि दिवसभर बसून दात कापले. दिसायला झकास. बसवताना जड गेला तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. "नवा आहे, रुळेल," असं मीच तात्यांना म्हणालो. तिसऱ्या दिवशी दात उडाला आणि मोठ्या चाकाच्या एका दाताचा टवकाही घेऊन गेला. काहील चुलवाणावर होती. तात्या मला एक शब्द बोलले नाहीत, नुसते चहा प्या म्हणाले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मामांना फोन केला. त्यांनी आकडे ऐकले आणि हसले. "अरे, दात झिजतो तो कुशीत. डोक्यावर चार मिलिमीटर झिजेल होय? तो चरक इंचातला आहे." मग डोक्यात प्रकाश पडला. जुन्या यंत्रांचे गिअर मॉड्यूलवर नाहीत, डायमेट्रल पिचवर आहेत: एका इंच व्यासाला किती दात. २४ ला ४ ने भागा, ६ इंच. म्हणजे १५२.४ मिलिमीटर. माझं माप बरोबर होतं, मीच त्याला खोटं ठरवलं.

४ डीपीचा कटर कुठून आणायचा? रविवारी पहाटे पुण्याला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो. तीन तास फिरल्यावर एका फाटक्या पोत्यावर नळाच्या तोट्यांमध्ये मिळाला: ४ डीपी, नंबर ५, साडेचौदा अंश. नंबर ५ म्हणजे २१ ते २५ दातांसाठी, आपल्याला हवा तोच. त्याचं भोक सव्वा इंच म्हणजे ३१.७५, आणि माझा आर्बर ३२ चा. पाव मिलिमीटरने आत जाईना. भोसरीत भोक ग्राइंड करून घेतलं. त्यात आणखी एक दिवस गेला.

परत कापायला बसलो. ज्यांच्याकडे डिव्हायडिंग हेड आहे त्यांच्यासाठी: हँडलचे ४० फेरे म्हणजे जॉबचा एक फेरा. २२ दातांना ४० भागिले २२, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि ९/११. ३३ भोकांच्या वर्तुळावर एक फेरा आणि २७ गाळे. गाळे मोजायचे, भोकं नाही. भोकं मोजली तर पहिलं धरून २८ होतात, आणि इथेच पोरं चुकतात. हँडल नेहमी एकाच दिशेने आणायचं, पुढे गेलं तर बरंच मागे नेऊन परत आणायचं. हे असलं हेड लावलेलं युनिव्हर्सल मिलिंग अमेरिकेत जोसेफ ब्राऊनने १८६२ मध्ये बनवलं, ड्रिलच्या पिळाच्या खाचा कापायला. माझ्या हेडच्या प्लेटांवर अजून त्याच्याच कंपनीच्या पद्धतीची भोकं आहेत.

आर्बरचे रिंग-स्पेसर एकेक पुसून लावले. दोन रिंगांत केसाएवढा कीस राहिला तरी नट आवळल्यावर आर्बर वाकतो, मग कटरचे एक-दोनच दात काम करतात आणि धप-धप आवाज येतो. १०० मिलिमीटरचा कटर, मिनिटाला ६३ फेरे. खोली १३.७, दोन घासांत. टेबल नेहमी कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकवायचं. ढिल्या स्क्रूवर त्याच्या दिशेने सरकवलं तर कटर जॉब ओढून घेतो आणि आर्बर, कटर, बोट, काहीही जाऊ शकतं. सकाळी सातला सुरू केलं, बाविसावा दात संपला तेव्हा अंधार पडला होता.

बसवायला मी स्वतः गेलो. मोठ्या चाकाचा टवका कानस मारून बोथट केला. या वेळी शाफ्टचे पितळी बुशही काढून बघितले. एका बाजूला चांगलेच खाल्लेले होते, म्हणजे पिनियन चाकापासून लांब राहत होता आणि सगळा भार दातांच्या टोकावर येत होता. तीन वर्षांपूर्वीचे दात बहुधा यानेच उडाले. बुश बदलले. रात्री अकराला चरक सुरू झाला, पहाटेपर्यंत मी तिथेच चिपाडावर बसून आवाज ऐकत होतो. हंगाम संपेपर्यंत चालला.

पैसे फिटले का, असं आबा दर महिन्याला विचारतात. नाही फिटले. पंपाच्या शाफ्टच्या खाचा, रोटाव्हेटरची कामं, पेरणी यंत्राचे लहान गिअर असं येत राहतं. पहिल्या पिनियनचे पैसे तात्यांकडून घेतले नाहीत, दुसऱ्याचे घेतले.

मामा परत आलेत. डोळा बरा आहे, पण मापावरची बारीक रेघ त्यांना दिसत नाही. ते खुर्ची टाकून बसतात, मी आकडा वाचून सांगतो. रोज तेलकुंडीतून सगळ्या निपलांत तेल घालायचं, हे त्यांनी मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. आधीच्या कोणीतरी तिथे ग्रीस मारून भोकं बुजवली होती. ती उघडायचं काम अजून चालू आहे. टेबलाच्या डाव्या बाजूच्या दोन नळ्या राहिल्यात. या रविवारी त्या काढणार आहे.